रिकीब, पट्टा आणि खिळे : पायडलाच्या इतिहासातील एक परतवाट

इंग्रजीतील ‘पेडल’ या शब्दाचे मराठी जिभेने फार पूर्वीच ‘पायडल’ करून टाकले. शिकलेल्या मंडळींनी या रूपाला अशुद्ध म्हणून नाक मुरडले खरे. परंतु व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिले तर त्या अशिक्षित जिभेने काही वावगे केले नाही. लॅटिनमधील पायाचा वाचक ‘पेद’ आणि संस्कृतातील ‘पद’ ही एकाच मूळ घराण्यातली भावंडे. तेव्हा ‘पेडल’चे ‘पायडल’ होणे म्हणजे दूरदेशी वाढलेल्या नातलगाला घरच्या नावाने हाक मारण्यासारखेच आहे. सायकलवर माणूस आणि यंत्र यांचा संबंध तीन ठिकाणी येतो : हात, बैठक आणि पाय. त्यांतील पायाचा संबंध किती घट्ट असावा, या एकाच प्रश्नाचा इतिहास आम्ही येथे सांगू इच्छितो.

विषय तसा लहान. डोंगरवाटांवर सायकल चालवण्याचा जो खेळ ‘माउंटन बायकिंग’ या नावाने रूढ आहे, त्यातील बहुतेक गंभीर स्वारांनी १९९० नंतरच्या दशकात आपले बूट स्प्रिंगच्या कडीने पायडलाला जखडून घेतले. पुढे २००० नंतर त्यांतील कित्येकांनी ती कडी सोडून दिली आणि ते साध्या, सपाट पायडलावर नुसता पाय ठेवून डोंगर उतरू लागले. या घटनेची गोष्ट सामान्यतः दोन प्रकारे सांगितली जाते. एक, ही माघार आहे. दोन, हे साधेपणाकडे परतणे आहे. आम्हाला दोन्ही कथने अपुरी वाटतात. साहित्याच्या वर्गात आम्ही ‘परंपरा’ आणि ‘नवता’ हे शब्द इतक्या सराईतपणे वापरतो की, त्यांच्यामध्ये एक सरळ रस्ता आहे आणि त्यावर फक्त पुढे किंवा मागे जाता येते, असे विद्यार्थ्यांना (आणि आम्हालाही) वाटू लागते. पायडलाच्या इतिहासात तो सरळ रस्ता सापडत नाही, आणि म्हणूनच तो आम्हाला लिहावासा वाटला.

प्रथम शब्दाकडे पाहू. ती आमची सवयच आहे. बूट जखडून धरणाऱ्या पायडलाचे नाव आहे ‘क्लिपलेस’, म्हणजे क्लिपविरहित. नवखा माणूस येथेच अडखळतो. ज्यात पाय अडकवताना ‘खट्’ असा आवाज येतो, ज्यातून सुटण्यासाठी टाच बाहेरच्या दिशेने पिळावी लागते, ते क्लिपविरहित कसे? याचे उत्तर इतिहासात आहे. यापूर्वी पायडलाच्या पुढच्या बाजूला धातूचा एक लहानसा पिंजरा असे. त्यात बुटाचा चवडा सारायचा आणि वरून चामड्याचा पट्टा आवळायचा. या पिंजऱ्याला ‘टो-क्लिप’ म्हणत. नव्या पायडलात तो पिंजरा नव्हता, म्हणून ते ‘क्लिपलेस’. जी वस्तू गेली तिच्या अभावावरून नवीन वस्तूचे नाव पडले. आपल्याकडे ‘बिनतारी’ संदेश हा शब्द असाच जन्माला आला, आणि मोटारीलाही आरंभी ‘घोड्याविना गाडी’ म्हणत असत. मात्र बिनतारी यंत्रात तार खरोखरच नव्हती. ‘क्लिपलेस’ने मात्र पिंजरा काढून टाकून त्याहून पक्के बंधन आणले आणि नाव घेतले ते सुटकेचे. शब्दाची गंमत एवढ्यावर संपत नाही. इंग्रजी बोलणारे स्वार या क्लिपविरहित पायडलात ‘क्लिप-इन’ होतात, आणि यात काही विसंगती आहे असे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना जाणवते.

‘सपाट’ पायडलाचेही तसेच. पूर्वी ते नुसते पायडल होते. बॉयलर कोंबडी बाजारात येईपर्यंत आपल्या कोंबडीला कोणी ‘गावरान’ म्हणत नव्हते. तद्वत दुसऱ्या जातीचे पायडल आल्यावरच या बिचाऱ्याला ‘फ्लॅट’ हे विशेषण चिकटले. असो.

पाय बांधण्याची कल्पना बरीच जुनी आहे. पिंजरा आणि पट्टा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातच वापरात आलेले होते. इतकेच काय, बूट पिळून अडकवायचा आणि पिळूनच सोडवायचा, अशा प्रकारचे पायडल अमेरिकेत चार्ल्स हॅन्सन याने १८९५ साली शोधून काढल्याची नोंद आहे. म्हणजे ज्या वस्तूला विसाव्या शतकाच्या अखेरीस क्रांती म्हटले गेले, तिचे बीज पिंजऱ्याच्या बरोबरीनेच पेरले गेले होते. ते उगवले मात्र नाही. रस्त्यावरच्या शर्यतींत पुढची तब्बल नव्वद वर्षे पट्ट्याचेच राज्य राहिले. शेवटच्या धावेआधी स्वार वाकून हाताने पट्टा आवळून घेई, आणि थांबायच्या आधी पुन्हा वाकून तो सैल करी. विसरला तर सायकलसकट आडवा होई. १९७० च्या सुमारास इटलीतील चिनो चिनेल्ली यांनी ‘एम-७१’ नावाचे पायडल काढले. त्यात पट्टा नव्हता, बूट थेट खाचेत बसत असे. पण सुटण्यासाठी पायडलावरची कळ हातानेच सरकवावी लागे. सायकलस्वारांनी त्याला दिलेल्या टोपणनावात ‘मृत्यू’ हा शब्द होता, यावरून त्याची कीर्ती लक्षात यावी.

हा गुंता सोडवला तो सायकलवाल्यांनी नव्हे. फ्रान्समधील नव्हेर या गावी ‘लुक’ नावाची कंपनी होती. तिचा धंदा बर्फावरच्या स्कीला बूट अडकवणाऱ्या बंधनांचा. स्कीच्या बंधनाचे मर्म असे की ते घट्ट धरण्याइतकेच वेळेवर सोडण्यासाठी बनवलेले असते. स्कीवाला कोसळला की पट्टी निसटली पाहिजे, नाहीतर पायाचे हाड मोडते. हेच तत्त्व या कंपनीने १९८४ मध्ये सायकलच्या पायडलाला लावले. हाताचे काम संपले. टाच पिळली की पाय मोकळा. १९८५ सालची ‘तूर द फ्रान्स’ बेर्नार इनो याने याच पायडलांवर जिंकली आणि पाहता पाहता पट्टा हद्दपार झाला. येथे एक सूक्ष्म फेरफार झाला आहे, तो नोंदवला पाहिजे. जे यंत्र मुळात ‘सुटण्यासाठी’ कल्पिले होते, ते सायकलवर आल्यावर ‘धरण्यासाठी’ म्हणून मिरवू लागले. तूरच्या डांबरी रस्त्यावर ते योग्यही होते. तेथे स्वार तासन्‌तास एका लयीत पाय फिरवतो, आणि पाय खाली टेकवण्याचे प्रसंग दिवसातून मोजकेच येतात.

आता डोंगराकडे वळू. कॅलिफोर्नियात, सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन परगणा आहे आणि तेथे टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. त्याच्या परिसरात, फेअरफॅक्स गावाजवळच्या वणवारोधक मातीच्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी एक शर्यत लावली. सुमारे ३ किलोमीटरची वाट आणि तेवढ्यात जवळजवळ ४०० मीटरांची उतरण. सायकली जुन्या, १९३०-४० च्या काळातल्या, जाड चाकांच्या. भंगारातून उचललेल्या म्हटले तरी चालेल. त्यांचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे आणि तो पायडल उलटे दाबून लावायचा. एका उतरणीत तुंबा इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होऊन जाई आणि खाली पोचल्यावर नवे ग्रीस भरावे लागे. या ‘पुन्हा भरण्या’वरूनच वाटेला ‘रिपॅक’ हे नाव पडले. चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही या खेळाच्या इतिहासात पुढे गाजलेली नावे याच उतरणीवरची.

आमचे लक्ष मात्र त्यांच्या पायांकडे आहे. त्या काळच्या छायाचित्रांत जीन्स दिसतात, जाड तळव्याचे बूट दिसतात, आणि ते बूट मोकळ्या पायडलावर टेकलेले दिसतात. यावरून ही मंडळी पट्ट्याला अपरिचित होती असा समज होईल, पण वस्तुस्थिती उलट आहे. केली, फिशर, ब्रीझ हे तिघेही रस्त्यावरच्या शर्यतींतले मुरलेले स्वार होते. पट्टा आवळणे त्यांच्या हाडीमांसी खिळलेले होते. डांबरावर पाय बांधणारी हीच माणसे त्या मातीच्या उतरणीवर पाय मोकळे ठेवत होती. वळणावर पाय बाहेर काढून टेकवायचा होता, आणि पायडल हाच ब्रेक असल्याने त्यावर सगळा भार टाकायचा होता. दोन भूमी, दोन रिती. एक प्रगत आणि दुसरी मागास असा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. आम्हाला या इतिहासातले सर्वांत शहाणपणाचे क्षण हेच वाटतात, आणि त्या वेळी त्याला कोणी शहाणपण म्हटले नसावे.

पुढे खेळाचे स्वरूप बदलले. १९८१ मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ बाजारात आली, १९८३ मध्ये अमेरिकेत या खेळाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि शर्यती केवळ उतरणीच्या न राहता चढ-उताराच्या लांब फेऱ्यांच्या झाल्या. चढावर रस्त्याचे शास्त्र उपयोगी पडते, म्हणून रस्त्यावरचा पिंजराही डोंगरावर आला. मग १९९० मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने ‘एसपीडी’ नावाचे पायडल आणले. रस्त्यावरच्या बुटाची पट्टी तळव्याबाहेर आलेली असल्याने तो बूट घालून चालणे म्हणजे बदकाची चाल. शिमानोने पट्टी लहान केली आणि ती तळव्याच्या खोबणीत बसवली. पायडल दोन्ही बाजूंनी अडकेल असे केले. स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करण्याची सोय दिली. हे उत्तम कारागिरीचे काम होते यात शंका नाही. त्याच वर्षी कोलोराडोतील डुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. खेळाला प्रतिष्ठा आणि खेळाडूच्या पायाला कडी, दोन्ही एकाच दशकात आल्या. तेव्हापासून सपाट पायडल हे पोरांचे, नवशिक्यांचे किंवा बीएमएक्सवर उड्या मारणाऱ्यांचे, अशी वर्णव्यवस्था रूढ झाली.

या व्यवस्थेला एका सिद्धान्ताचा आधार होता. पाय बांधलेला असेल तर तो खाली दाबताना आणि वर येताना, दोन्ही वेळा काम करतो. म्हणजे शक्ती वाया जात नाही. म्हणून ‘पूर्ण वर्तुळात’ पाय फिरवावा. ऐकायला हे इतके तर्कशुद्ध वाटते की पिढ्यान्‌पिढ्या गुरूंनी शिष्यांना ते सांगितले आणि शिष्यांनी मान डोलावली. प्रयोगशाळांनी त्याची झडती घेतली ती पुष्कळ उशिरा. १९९१ साली टेक्सास विद्यापीठातील एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी उत्तम आणि अत्युत्तम सायकलपटूंची तुलना केली, तेव्हा अत्युत्तमांचे वैशिष्ट्य वर ओढण्यात नसून खाली अधिक जोराने दाबण्यात आहे असे दिसले. २००७ मध्ये थॉमस कॉर्फ आणि सहकाऱ्यांनी पायडल मारण्याच्या निरनिराळ्या पद्धती तपासल्या. मुद्दाम वर ओढणाऱ्या पद्धतीत पायडलावरचे बल अधिक अचूक दिशेने लागत होते, पण त्यासाठी शरीराला मोजावी लागणारी किंमतही वाढत होती. हिशेब तोट्याचा होता. २००८ मध्ये मोर्निए आणि सहकाऱ्यांनी तर पायडलाचा प्रकारच बदलून पाहिला, आणि स्थिर गतीने चालवताना प्राणवायूच्या खर्चात प्रकारागणिक फरक आढळला नाही. कारण तसे साधे आहे. वर येणारा पाय आपले वजनच उचलत असतो. त्याने पायडलावर ओझे टाकले नाही म्हणजे पुष्कळ झाले. मांडीचे आणि नितंबाचे मोठे स्नायू खाली दाबण्यासाठी घडलेले आहेत, वर खेचण्यासाठी नव्हेत.

या प्रयोगांना त्यांच्या मर्यादा आहेत, हे आम्ही विसरत नाही. प्रयोगशाळेतील सायकल जागची हलत नाही. खऱ्या डोंगरात दगडांवरून चाके उधळतात, तेव्हा जखडलेला पाय पायडलावरून निसटत नाही हा मोठाच लाभ असतो. आणि क्षणभर सर्व ताकद लावून उसळी घ्यायची असेल तर वर ओढण्याचाही उपयोग होतो. तेवढे खरे. परंतु शंभर वर्षे ज्याला सार्वत्रिक नियम म्हणून मानले, तो काही विशिष्ट प्रसंगांपुरता खरा निघाला. वाङ्मयीन सिद्धान्तांच्या बाबतीत हा अनुभव आम्हाला नवा नाही.

येथे थोडे स्वतःविषयी सांगणे भाग आहे. आम्ही दोघे सहकारी, चाळिशी ओलांडल्यावर या छंदाला लागलो. लहानपणी आमच्या सायकलींना रबरी ठोकळ्यांची पायडले होती आणि पायांत स्लिपर; पाय बांधण्याची कल्पना कोणाला सुचली असती तर आईने कानशिलात दिली असती. मोठेपणी मात्र पुस्तके वाचून, व्हिडिओ पाहून कडीचे बूट घेतले. पुण्याच्या वेताळ टेकडीवर एका रविवारी आमच्यापैकी एकजण चढाच्या तोंडाशी एका दगडावर अडखळला. वेग जवळजवळ शून्य. टाच बाहेर पिळायची हे त्याला ठाऊक होते. परंतु शरीर कलू लागले की माणूस पाय ओढतो, पिळत नाही. आणि ओढण्याने ती कडी सुटत नाही. झाड पडावे तसा तो सावकाश, पुरेसा विचार करायला वेळ मिळून, उजव्या अंगावर पडला. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे फळ्यावर लिहिणे बंद आणि उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या गळ्यात.

हाड जुळले, पण ज्या जागा तो पूर्वी हसत पार करी, तेथे आता तो आधीच उतरून सायकल ढकलू लागला. अपघाताने हात मोडला, भीतीने सायकल मोडली. ‘पाय वेळेवर सुटेल ना’ हा प्रश्न मनात घेऊन समोरच्या वाटेकडे पाहता येत नाही. घोडेस्वारांना हे पूर्वीपासून माहीत होते. घोड्यावरून पडण्याला स्वार भीत नसे. रिकिबीत पाय अडकून फरपटत जाण्याला भीत असे. म्हणून रिकिबीत फक्त चवडा ठेवायचा आणि टाच खाली दाबायची, हा रपेटीचा पहिला धडा. सपाट पायडलावर डोंगर उतरण्याचा पहिला धडाही अक्षरशः हाच आहे, हे आम्हाला पुढे कळले तेव्हा मोठी मौज वाटली.

टाच खाली का? समोरून दगड आला की सायकल मागे ढकलली जाते आणि स्वाराचे शरीर पुढे जाऊ पाहते. टाच वर असेल तर तळवा पायडलावरून पुढे निसटतो. टाच खाली असेल तर तोच धक्का तळव्याला पायडलावर अधिक घट्ट दाबतो. म्हणजे बंधन कडीत नाही, कोनात आहे. आणि तो कोन प्रत्येक दगडाला नव्याने साधावा लागतो. मागचे चाक उचलण्याचेही तेच. पाय जखडलेले असले की दोन्ही पाय वर ओढले म्हणजे सायकल आपोआप वर येते. त्यात कसब फारसे नाही. मोकळ्या पायांनी हे करायचे तर चवडे खाली वळवून पायडलाला मागे-वर असे खरवडत न्यावे लागते, त्याच वेळी हातांनी मूठ पुढे दाबावी लागते, आणि आधी वजन खाली दाबून मग शरीर हलके करावे लागते. हे सगळे पाऊण सेकंदात. कडी असताना हा दोष झाकलेला राहतो. कडी काढली की स्वाराला कळते, आपण उडी मारत नव्हतो, सायकल उचलून नेत होतो.

हा फरक जगापुढे सर्वांत ठळकपणे आणला तो ऑस्ट्रेलियाच्या पर्थकडील सॅम हिल याने. उतरणीच्या शर्यतींत जवळपास सगळे अव्वल स्वार कडी लावत असताना हा तरुण सपाट पायडलांवर उतरे. २००६, २००७ आणि २०१० साली तो जगज्जेता झाला. २००७ मध्ये स्वित्झर्लंडमधील शाँपेरी येथे, जिची उतरण भिंतीसारखी उभी आहे, शेवटी सुटणाऱ्या अव्वल स्वारांच्या वाट्याला धो धो पाऊस आला. त्या चिखलात हिल तिसरा आला. तेवढ्या तिसऱ्या क्रमांकाची आठवण जाणकार आजही कित्येक विजयांपेक्षा अधिक प्रेमाने काढतात. २००८ मध्ये इटलीतील व्हाल दी सोले येथील जागतिक स्पर्धेत तो सर्वांच्या पुढे असताना अगदी शेवटी एका वळणावर घसरला, आणि तेथेही तिसराच ठरला. (पराभवांवर दंतकथा अधिक चांगल्या उभ्या राहतात, हे महाभारताच्या वाचकांना सांगायला नको.) ‘सपाट पायडले पदके जिंकतात’ अशा अर्थाची यमकबद्ध इंग्रजी घोषणा या काळात स्वारांच्या तोंडी झाली. याहून महत्त्वाचे पुढेच आहे. ‘एंड्युरो’ या प्रकारात स्वाराला दिवसभर चढूनही जावे लागते. म्हणजे सपाट पायडले चढावर तरी निरुपयोगी, असे म्हणणाऱ्यांचे हे खास मैदान. त्या जागतिक मालिकेचे विजेतेपद हिलने २०१७, २०१८ आणि २०१९ असे सलग तीन वर्षे मिळवले.

परंतु हिल १९७६ च्या त्या मुलांसारखा उतरत होता असे समजणे चूक ठरेल. त्याच्या पायाखालचे पायडल रुंद, पातळ आणि मध्ये किंचित खोलगट होते. त्यावर लहान लहान पोलादी खिळे उभे होते आणि झिजले की ते बदलता येत. या खिळ्यांना जुळणारा बूट आला तो गिर्यारोहणातून. योसेमिटीच्या कड्यांवर चढणारे चार्ल्स कोल यांनी १९८५ मध्ये ‘फाइव्ह टेन’ नावाची कंपनी काढली. कड्यांच्या अवघडपणाच्या श्रेणीतील ५.१० या आकड्यावरून हे नाव. उभ्या ग्रॅनाइटवर बोटभर जागेत पाय टिकावा म्हणून जे चिकट रबर त्यांनी घडवले, तेच पुढे सायकलच्या बुटाच्या तळव्याला लागले. या रबरात खिळे रुतले की पाय नुसता सरकवून जागा बदलता येत नाही, उचलूनच ठेवावा लागतो. सायकलीही बदलल्या होत्या. १९८९ मध्ये धक्के पचवणारा पहिला घाऊक काटा बाजारात आला, आणि पुढे मागच्या चाकालाही तशी सोय झाली. त्यामुळे पायडल पायाखालून उसळण्याचे प्रमाण घटले. तात्पर्य, सपाट पायडलाकडे परतणारा स्वार ज्या ठिकाणी परतला ते ठिकाण पूर्वी अस्तित्वातच नव्हते. फ्रेंच स्कीवाल्यांनी पाय बांधला आणि अमेरिकन गिर्यारोहकांनी तो मोकळा केला. सायकलीच्या इतिहासात सायकलवाले मात्र बहुधा गिऱ्हाईकच राहिले आहेत.

हे वाचून कोणी सपाट पायडलांचा विजय झाला असे समजू नये. ऑलिंपिकच्या चढ-उताराच्या शर्यतीत आजही सर्व पाय जखडलेलेच असतात, आणि उतरणीच्या जागतिक स्पर्धांतही बहुसंख्य स्वार कडीच पसंत करतात. शंभरांश सेकंदाच्या हिशेबात निसटलेला एक पाय महाग पडतो. याउलट अमेरिकेच्या युटा राज्यात २००१ पासून भरणाऱ्या ‘रॅम्पेज’सारख्या कड्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेत हवेत पाय सोडून कसरती करायच्या असतात, तेथे कडीचे काम नाही. कित्येकजण एखादा हंगाम सपाट पायडलांवर घालवून, दडलेल्या सवयी मोडून, पुन्हा कडीकडे वळतात. काहीजण वळत नाहीत.

आमच्यात एकमत नाही. ज्याचे मनगट मोडले तो आता सर्वत्र सपाट पायडलेच वापरतो आणि कडीचे बूट त्याने एका विद्यार्थ्याला देऊन टाकले. दुसरा डांबरी रस्त्यावर कडी लावतो आणि टेकडीवर काढतो; फेअरफॅक्सची मंडळीही दोन भूमींना दोन रिती पाळत, असा दाखला तो प्रत्येक वेळी देतो. दोघांच्याही नडग्यांवर खिळ्यांनी ओढलेल्या रेघा आहेत. सुरुवातीचे दोन महिने पाय निसटला की पायडल गर्रकन फिरून नडगीवर येई. एकाच्या घरी ‘मांजर पाळलेय का’ अशी विचारणा झाली.

त्या दगडापाशी आम्ही अजून जातो. मनगटवाला सहकारी आता तेथे उतरत नाही. अडखळला तर पाय टेकतो, मागे येतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. एका सकाळी त्याने तेथे नऊ वेळा पाय टेकला, दहाव्यांदा गेला. मागचे चाक उचलण्याचा सराव त्याने वाटेवर वीट ठेवून चालवला आहे. आडवी ठेवलेली वीट तो आता मोकळ्या पायांनी ओलांडतो. उभी ठेवली की चाक तिला लागते आणि वीट पडते.